पुल्ड पोर्क, शिळं आणि सुखरूप

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा तो फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. वर लाल त्रिकोण, खाली ‘सर्वांना पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: पोर्क एकदा शिजवलं की पुन्हा गरम करू नका, त्यातली प्रथिनं विषारी होतात. अमेरिकन लोक पुल्ड पोर्क (डुकराचं मांस मऊ शिजवून त्याचे धागे सोडवतात, ते) आठ-दहा तास शिजवतात ते त्यातले किडे मरावेत म्हणून, नाहीतर ते मेंदूत जातात. आतून गुलाबी दिसलं तर ते कच्चं. शिजलेलं मांस गरम असताना फ्रीजमध्ये ठेवू नका, रात्रभर बाहेर निवू द्या. आणि गरम करायचंच असेल तर खळखळून उकळा, सगळं मरतं.

पहिली आणि शेवटची सूचना एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत, ते सोडा. काकांनी मला थेट विचारलं, “तू तिकडे नॉर्थ कॅरोलायनात हे करतोस ना? मग खरं काय?” म्हणून हे जरा सविस्तर.

आधी किडे, कारण भीती तिथली आहे. ट्रायकिनेला नावाचा कृमी ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच मरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी आतलं तापमान ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा एवढंच सांगितलंय, खिम्याला ७१. म्हणजे सुरक्षिततेपुरतं बोलायचं तर माझा चार किलोचा तुकडा निम्म्या वाटेवरच खाण्याजोगा झालेला असतो. फक्त तो चावत बसावं लागेल.

राहिला ‘मेंदूतला किडा’. नीट न शिजलेलं, टेपवर्मच्या, म्हणजे पट्टकृमीच्या, गाठी असलेलं पोर्क खाल्लं तर आतड्यात टेपवर्म वाढू शकतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेले हात, दूषित पाणी, कच्च्या भाज्या. म्हणून जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने डुकराला धरलं आणि हात धुवायला सांगायचं राहिलं.

मग दहा तास कशासाठी? हा तुकडा कुठला ते पाहा. त्याला म्हणतात बॉस्टन बट, पण ‘बट’ म्हणजे ढुंगण या नावावर जाऊ नका, तो असतो खांद्याचा वरचा भाग. जनावर आयुष्यभर ज्या स्नायूंवर उभं राहतं ते हे, त्यामुळे चिवट धाग्यांनी, म्हणजे कोलॅजनने, भरलेले. ७० अंशांच्या पुढे हे कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि त्या ‘हळूहळू’तच सगळं आलं. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा लाकडाच्या धुरावर चार किलोला दहा-बारा तास सहज लागतात. मध्येच, साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा तासन्‌तास हलत नाही. पहिल्यांदा मी घाबरून आच वाढवली होती. खरं म्हणजे मांसाला घाम फुटलेला असतो: पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन जेवढी उष्णता उचलतं, तेवढीच ओव्हन देत असतो. माठातलं पाणी ज्या न्यायाने गार राहतं, तोच हा न्याय. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं की वाफ अडते आणि काटा चढायला लागतो. ९५ अंशांना, इथल्या थर्मामीटरवर २०३ फॅरनहाइट, हाड नुसतं ओढलं तरी स्वच्छ निघून येतं. घाई असेल तर आपला प्रेशर कुकर उत्तम. आत १२० अंशांच्या जवळपास तापमान जातं आणि हेच काम तास-दीड तासात होतं. धुराची चव तेवढी मिळत नाही.

गुलाबी रंगाचं एका ओळीत: लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला चिकटतात आणि कडेला गुलाबी पट्टा येतो, ९५ अंशांनाही. डोळ्यांवर नाही, थर्मामीटरवर भरवसा ठेवा.

आता फॉरवर्डमधलं खरोखर घातक वाक्य: रात्रभर बाहेर निवू द्या.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जीवाणू आहे. तो स्वतः शिजून मरतो, पण त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात. भांडं हळूहळू निवायला लागलं की ते जागे होतात. ४३ ते ४७ अंश ही त्यांची लाडकी जागा. तिथे त्यांची संख्या दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकते. झाकण घालून ओट्यावर ठेवलेला मांसाचा मोठा गोळा आतून कितीतरी तास या आणि याच्या आसपासच्या पट्ट्यात असतो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे दहा लाख लोक या एका जीवाणूने आजारी पडत असावेत असा तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. मोठ्या पातेल्यातलं, लग्नकार्यातलं, कँटीनमधलं अन्न हे त्याचं खास ठिकाण.

‘पुन्हा गरम केलेलं विषारी’ ही समजूत कुठून आली असेल, तेही मला यातच दिसतं. पहिल्या दिवशी सगळे ताजं खातात, कुणाला काही होत नाही. रात्री पातेलं बाहेर. दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्लं आणि संध्याकाळी पोट बिघडलं. दोन दिवसांत डोळ्यांना दिसणारा फरक एकच, गरम करणं. मग आळ त्याच्यावर. रात्रीचे आठ तास कुणी मोजलेच नाहीत. प्रथिनांची रचना तर पहिल्या शिजण्यातच बदललेली असते, त्यालाच आपण शिजणं म्हणतो.

फॉरवर्डच्या बाजूने अर्धं खरं एवढंच की चार किलोचा वाफाळता गोळा तसाच फ्रीजमध्ये ढकलू नये. तो आतून निवणार नाही आणि शेजारचं दूध तापवेल. मी तासभर विसावा देतो, काट्यांनी धागे सोडवतो, पसरट ट्रेमध्ये दोन इंचांपेक्षा कमी थर लावतो आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये सारतो. उन्हाळ्यात पारा ३२च्या वर असेल तर एका तासात. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघराला हा दुसराच नियम लागू.

चव बदलते, हे मात्र कबूल. शिळ्या मांसाला पुठ्ठ्यासारखा एक वास येतो, आणि त्यावर १९५० च्या दशकापासून अभ्यास झालेला आहे. शिजताना सुट्या झालेल्या लोहामुळे चरबी हवेशी लवकर अभिक्रिया करते, त्याचा तो वास. त्यात विष काही नाही. उपाय हवा तोडण्याचा: ट्रेमध्ये साठलेला रस वरची चरबी काढून मांसावर परत ओतायचा, आणि पिशवीतली हवा दाबून काढायची. धुरातली द्रव्यंही ही अभिक्रिया मंदावतात, म्हणून धुरावलेल्या पोर्कची चव जास्त टिकते.

उरलं ‘खळखळून उकळा’. रात्रभर बाहेर राहिलेल्या अन्नात स्टॅफिलोकोकस नावाचा दुसरा जीवाणू वाढला असेल तर त्याचं विष उकळूनही जात नाही. असं अन्न टाकायचं. आणि नीट ठेवलेल्या पोर्कला उकळीची गरज नाही. आतपर्यंत ७४ अंश पुरे. उकळलंत तर धागे पिळून कोरडे, वर चोथा. पसरट पातेल्यात रस, दोन चमचे व्हिनेगर, झाकण, मंद आच. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या शक्तीवर, झाकून, मध्ये दोनदा ढवळून. स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तास न् तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, गार मांस तापवू नका, तो नको त्या पट्ट्यात फार रेंगाळतो.

व्हिनेगर ही माझी लहर नव्हे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात पोर्कवर व्हिनेगर आणि मिरचीचं पातळ पाणीच ओततात, टोमॅटोचं नाव नाही. पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे थोडं केचप घालतात, आणि या एवढ्याशावरून इथे कडाक्याचे वाद होतात. मला मात्र ते पहिल्यांदा चाखल्यावर गोवाच आठवला. सोरपोतेल, तिथलं पोर्कचं आंबट-तिखट कालवण, केल्या दिवशी कोण वाढतं? व्हिनेगर मुरून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पुन्हा गरम करूनच ते पानात येतं. शिळ्या कढीला ऊत आणू नये म्हणतात, पण सोरपोतेलाला कुणी तसं म्हटल्याचं ऐकलं नाही.

काकांना उत्तर पाठवलंय. माझ्या फ्रीजमध्ये ट्रेवर तारखेची चिठ्ठी असते. चौथ्या दिवसापर्यंत खातो. त्यापुढचं पहिल्याच दिवशी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत फ्रीजरला गेलेलं असतं, आणि पाहुणे आले की आदल्या रात्री एक पिशवी खालच्या कप्प्यात उतरते.