बागेसाठी पैसा नाही, हे कोणी सांगितलं?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दर थोड्या दिवसांनी फिरतो. म्हणणं असं : बागा-मैदानांना सरकारी पैसा मिळतच नाही, मिळतो तो आमदार-खासदारांच्या कृपेने. पालिकेला हा भार झेपत नाही, तेव्हा मैदानं संस्थांना दत्तक द्या, म्हणजे देखभालीसाठी त्यांच्या ताब्यात द्या, करदात्याचा पैसा वाचेल. खाली हात जोडल्याची इमोजी.

‘पैसा मिळतच नाही.’ महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वरचा आहे. खासदाराला स्थानिक विकास निधीतून वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात. आमदारांचाही निधी आहे, आणि शहर व उपनगर असे दोन जिल्हे असल्याने जिल्ह्याच्या विकासाचा पैसा ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समित्याही दोन. शिवाय 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं ही नागरी संस्थांची कामं म्हणून स्पष्ट नोंदली आहेत. म्हणजे बाग ही कोणाची मेहेरबानी नाही.

‘साहेबांनी दिली.’ साहेबांनी सुचवली. खासदार निधी खासदाराच्या खात्यात जमा होत नाही. मंजुरी आणि अंमलबजावणी प्रशासनाची. बोर्डावर फोटो कोणाचा, हा वेगळा विषय.

मग इतके पैसे असून बागांची ही दशा का? खरी गोम इथे आहे, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. खासदार निधी टिकाऊ मालमत्ता उभी करायला असतो. पगार, वीजबिल असला रोजचा खर्च त्यातून करता येत नाही. देखभालीची हमी ज्या यंत्रणेच्या ताब्यात काम जाणार तिने द्यायची. म्हणून उद्घाटन होण्यासारखं सगळं येतं : पेव्हर ब्लॉक, गझिबो (छत्रीसारखा मंडप), हायमास्ट दिवे, ओपन जिम. वर्षभराने त्याच बागेत जाऊन बघा. सायकलच्या यंत्राचं एक पेडल गायब, दुसरं सुतळीने बांधलेलं. घसरगुंडीखालच्या रबरी लाद्यांचे कोपरे उचललेले, त्यात पोरं अडखळतात. शौचालयाला कुलूप. बोर्ड मात्र चकचकीत, कारण तो नव्या निवडणुकीला नवा लागतो. माळी यायचा, पण कंत्राट संपलं आणि नवी निविदा अजून ‘प्रक्रियेत’ आहे. माळ्याच्या पगाराचं भूमिपूजन करता येत नाही ना!

‘दत्तक दिलं की सुटलो.’ हा मुद्दा सगळ्यात घातक. मुंबईने हे करून पाहिलंय. आधीच्या योजनांत काही मोकळ्या भूखंडांवर क्लबहाऊस उभी राहिली, सभासदत्व आलं, गेटवर वॉचमन आला आणि शेजारच्या चाळीतली मुलं बाहेर राहिली. जानेवारी 2016 मध्ये पालिका सभागृहाने पुन्हा दत्तक धोरण मंजूर केलं तेव्हा एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. 2023 मध्ये नवा मसुदा आला, पुन्हा हरकतींचा पाऊस. लोकांना विरोधाची हौस नाही. आधी काय झालं ते त्यांनी पाहिलेलं आहे. पैसा वाचतो म्हणणाऱ्यांनी मुंबईतल्या जागेचा भाव काढावा. गवत कापण्याचा खर्च वाचवायला तेवढी जमीन कोणाच्या तरी ताब्यात द्यायची, हा कसला हिशेब?

उलट उदाहरणही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. दक्षिण मुंबईतलं ओव्हल मैदान रहिवाशांनी कोर्टकचेऱ्या करून सावरलं, आणि आजही तिथे कोणीही चेंडू घेऊन जाऊ शकतो. रहिवाशांनी देखभालीला हात लावायला माझी ना नाही. पण करारात तीन गोष्टी हव्यात : बांधकाम शून्य, प्रवेश सगळ्यांना फुकट, आणि देखभालीचा वर्षाचा हिशेब गेटवर लावलेला. या अटी मान्य करून सही करणारी संस्था मिळाली, तर द्या खुशाल.