डर्मोस्कोप म्हणजे नुसते भिंग का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातील आक्षेप वरवरचे नाहीत, त्यामुळे उत्तरही थोडे लांबणार आहे. मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, लवकर ओळखण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपले म्हणणे थोडक्यात असे: असले लेख वाचून अंगावर चार तीळ असलेला प्रत्येक माणूस धास्तावेल, त्वचेवरचे डाग तपासण्याचे डर्मोस्कोप हे उपकरण म्हणजे दिवा लावलेले भिंग, शंका असेल तर सरळ बायोप्सी (डाग कापून प्रयोगशाळेत तपासणे) करावी, आणि मुळात या कर्करोगाची निदाने कितीही वाढली तरी मृत्यू त्या प्रमाणात हललेले नाहीत, म्हणजे लवकर निदान हा बराचसा आभास आहे. यांतला शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार असल्याने आधी तोच घेतो.

अमेरिकेत सुमारे 40 वर्षांत मेलानोमाच्या निदानांचे प्रमाण जवळजवळ सहापट झाले आणि मृत्यूंचे प्रमाण मात्र बहुतेक काळ होते तिथेच राहिले. अलीकडे त्यात जी घट दिसते तिचे श्रेय मुख्यतः नव्या औषधांना जाते. जर्मनीने 2008 पासून 35 वर्षांवरील सर्वांना दर दोन वर्षांनी त्वचातपासणीची सोय दिली, पण मृत्युदरात अपेक्षित घट दिसून आली नाही. लक्षणे नसलेल्या लोकांची सरसकट तपासणी करावी की करू नये, हे ठरवण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असाच निर्वाळा अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञमंडळाने 2023 साली दिला. इतकेच काय, सुरुवातीच्या टप्प्यातील मेलानोमाचे रुग्ण जवळजवळ सगळेच पाच वर्षांनंतरही हयात असतात, हा नेहमी सांगितला जाणारा आकडासुद्धा जपून वाचायला हवा, कारण ज्यांचा रोग कधीच पुढे गेला नसता असे काही लोकही त्या हयात असलेल्यांत मोजले गेलेले असतात.

परंतु हा सगळा पुरावा ज्यांना काहीही झालेले नाही अशा लोकांना रांगेत उभे करून तपासण्याविषयी आहे. ‘हा डाग चार महिन्यांपूर्वी असा नव्हता’ असे म्हणून जो माणूस स्वतःहून येतो, त्याला तो लागू पडत नाही. त्याच्या बाबतीत प्रश्न एवढाच उरतो, की हा डाग कापायचा, काही काळ नजरेखाली ठेवायचा की विसरून जायचा. या प्रश्नाचे उत्तर उशिरा मिळाल्यास काय होते, हे अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 साली दाखवलेल्या साध्या मोजमापातून कळते: गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल उतरली आहे, यावर रुग्णाचे भवितव्य फार मोठ्या प्रमाणात ठरते. आजच्या वर्गीकरणात 0.8 मिलिमीटर ही एक महत्त्वाची सीमा आहे. एवढ्या सूक्ष्म अंतराने फरक पडत असेल, तर बदलणाऱ्या डागाकडे काही महिने काणाडोळा करणे परवडत नाही. अतिनिदानाची, म्हणजे कधीच पुढे न जाणारा रोगही शोधून काढण्याची, चिंता आणि बदललेल्या डागाची वेळेवर तपासणी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि डर्मोस्कोपीचे, म्हणजे डर्मोस्कोपने केलेल्या तपासणीचे, खरे काम नेमके तिथेच आहे.

आता ‘दिवा लावलेले भिंग’ याविषयी. डर्मोस्कोपचे भिंग साधारण दहापट मोठे दाखवते, आणि नुसते तेवढेच असते तर आपला आक्षेप मी मान्य केला असता. एरवी त्वचेवर पडलेला बराचसा प्रकाश सर्वांत वरच्या शिंगी थरावरूनच परावर्तित होतो आणि त्या चकाकीमुळे खालचे काही दिसत नाही. त्वचेवर तेल किंवा जेल लावून काच टेकवली, किंवा ध्रुवीकृत प्रकाश वापरला, की ती चकाकी जाते आणि नजर बाह्यत्वचा ओलांडून अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत पोहोचते. मग रंगही खोली सांगू लागतात. मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य अगदी वरच्या थरात असेल तर काळे दिसते, बाह्यत्वचेच्या खालच्या भागात तपकिरी, त्याखाली उतरले की राखाडी आणि आणखी खोल गेले की निळे. म्हणूनच उंचवटा आलेल्या डागावर दुधाळ निळसर पडदा पसरलेला दिसला, की अनुभवी डॉक्टर सावध होतो. नुसत्या डोळ्यांना तोच डाग ‘जरा गडद’ एवढाच भासतो.

तळपायाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या त्वचेवरील समांतर रेषांत, नांगरलेल्या शेतात असाव्यात तशा, सरी आणि वरंबे असतात. वरंब्यांच्या माथ्यावर घामाच्या ग्रंथींची तोंडे पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी दिसतात, त्यामुळे सरी कोणती आणि वरंबा कोणता हे ओळखता येते. साध्या तिळाचा रंग बहुधा सरींमध्ये असतो. मेलानोमाचा रंग वरंब्यांवर चढतो. जपानचे त्वचारोगतज्ज्ञ तोशिआकी साइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या एका खुणेची संवेदनशीलता (खऱ्या मेलानोमांपैकी किती ओळखले गेले) 86 टक्के आणि विशिष्टता (निरुपद्रवी डागांपैकी किती बरोबर वगळले गेले) 99 टक्के आढळली. कितीही चांगले साधे भिंग घेतले तरी हा फरक इतका स्वच्छ दिसत नाही.

‘मग सरळ बायोप्सीच का नको?’ एका डागापुरते हे म्हणणे बिनतोड वाटते. पण माणसाच्या अंगावर डझनावारी तीळ असतात, वाढत्या वयात त्यांत मेणासारखे चिकटलेले सेबोऱ्हिक केराटोसिस आणि लालसर अँजिओमा या निरुपद्रवी डागांची भर पडते, आणि यांतले कित्येक नुसत्या डोळ्यांना संशयास्पद दिसतात. सगळे कापत सुटायचे म्हटले तर व्रण आणि मनस्ताप यांचा हिशेब कोण करणार? 2018 च्या कॉक्रेन समीक्षेत (अनेक अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या आढाव्यात) प्रत्यक्ष रुग्ण तपासलेल्या अभ्यासांची तुलना आहे. विशिष्टता 80 टक्के धरली, तर नुसत्या डोळ्यांनी सुमारे 76 टक्के मेलानोमा ओळखले जातात आणि डर्मोस्कोपीसह 92 टक्के. उलट बाजूने, संवेदनशीलता 80 टक्के धरली तर विशिष्टता 75 वरून 95 टक्क्यांवर जाते. माझ्या मते हा दुसरा आकडा अधिक मोलाचा आहे, कारण विनाकारण फिरणारी सुरी थांबवण्याची ताकद त्यात दिसते. आपल्याला अतिनिदानाची चिंता आहे. मग हे उपकरण आपल्याच बाजूचे ठरते.

शिवाय बायोप्सी हा अंतिम शब्द आहे, हे गृहीतही तपासून घ्यायला हवे. 2017 साली अमेरिकेतील 187 पॅथॉलॉजिस्टांना (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासणाऱ्या डॉक्टरांना) त्वचेच्या बायोप्सीच्या काचपट्ट्या दाखवून केलेल्या अभ्यासात अगदी निरुपद्रवी तिळांवर जवळजवळ एकमत झाले, पण साधा तीळ आणि प्रगत मेलानोमा यांच्या मधल्या गटांत तज्ज्ञांच्या मंडळाने ठरवलेल्या निदानाशी जुळणारी उत्तरे निम्म्याहूनही कमी निघाली. हा बायोप्सीचा दोष काढण्याचा खटाटोप नाही. संशय पक्का असेल तर संपूर्ण डाग थोड्याशा कडेसह काढून तपासणे हाच योग्य मार्ग आहे. मात्र जितके जास्त डाग बिनविचाराने प्रयोगशाळेत जातील, तितकी या धूसर निदानांची संख्या वाढेल, आणि आपण ज्याला आभास म्हणता तो प्रकार नेमका तिथून जन्म घेतो.

डर्मोस्कोपीच्या मर्यादांवर मात्र आपण बोट ठेवले नाही, ते ठेवायला हवे होते. प्रशिक्षण न घेतलेल्याच्या हातात हे उपकरण निदान सुधारण्याऐवजी बिघडवू शकते, हे 1995 च्या व्हिएन्नातील अभ्यासातच दिसले होते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. गाठीच्या स्वरूपातला मेलानोमा बऱ्याचदा गोल, एकरंगी आणि नीटनेटका असतो, कधी तर तो गुलाबी असतो आणि त्यात रंगद्रव्य जवळजवळ नसतेच. असममिती, वेड्यावाकड्या कडा, अनेक रंग आणि 6 मिलिमीटरहून मोठा व्यास ही 1985 पासून शिकवली जाणारी चौकट त्याला पकडू शकत नाही. उंच झालेली, हाताला घट्ट लागणारी आणि महिनाभराहून अधिक काळ सतत वाढत असलेली गाठ डर्मोस्कोपखाली कितीही निर्दोष दिसली तरी तिच्याबाबत ‘तीन महिन्यांनी पुन्हा पाहू’ असे म्हणू नये. तो मार्ग केवळ सपाट डागांसाठी आहे.

भीतीच्या आक्षेपाला थोडक्यात उत्तर देतो. माणसाचे बरेचसे तीळ एकमेकांसारखे असतात. त्या गोतावळ्यात जो एकटा वेगळा दिसतो किंवा जो बदलतो, तेवढाच दाखवावा. बाकीचे मोजत बसू नये.

राहिला काळ्या त्वचेचा प्रश्न. ‘सावळ्या माणसांना हे होत नाही’ असे आपण ऐकले आहे, तसे नाही. प्रमाण बरेच कमी आहे हे खरे, पण होतो तेव्हा तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखांखाली होतो, म्हणजे जिथे उन्हाचा फारसा संबंध नाही आणि कोणी बघतही नाही. गायक बॉब मार्ले यांचा 1981 साली ज्या मेलानोमाने मृत्यू झाला त्याची सुरुवात पायाच्या बोटापासून झाली होती. गडद त्वचेच्या माणसांत अनेक नखांवर तपकिरी उभ्या रेघा असणे सामान्य आणि निरुपद्रवी आहे. प्रौढ वयात एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी किंवा नखाच्या मुळाशी कातडीवरही रंग सांडणारी रेघ मात्र दाखवायलाच हवी. मार लागून साकळलेले रक्तही काळेच दिसते, पण ते नखाबरोबर पुढे सरकते आणि मुळाशी स्वच्छ नख उगवू लागते. मेलॅनिनची रेघ मुळाला धरूनच राहते, कारण तिथल्या पेशी रंग तयार करणे थांबवत नाहीत. रक्त दिसले म्हणून त्याखाली गाठ नाही असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही, त्यामुळे डाग पुढे सरकत नसेल किंवा एकाच जागी पुनःपुन्हा येत असेल, तर मार लागल्याचे आठवत असले तरी नख तज्ज्ञाला दाखवावे.