‘सरकारी दवाखाने बंद करा, विमा द्या’ या मागणीचा प्रतिवाद

गेले काही महिने व्हॉट्सॲपवरच्या नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या गटांत एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा आहे: सरकारी रुग्णालये म्हणजे मूठभर प्राप्तिकर भरणाऱ्यांच्या पैशाची नासाडी आणि फुकट्यांची सोय आहे, ती बंद करून त्या पैशातून प्रत्येक कुटुंबाचा आरोग्य विम्याचा हप्ता भरावा, स्पर्धेमुळे उपचार स्वस्त आणि चांगले होतील, करातून चालणाऱ्या मोफत सेवेचे काय होते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ब्रिटनमधल्या रांगा पाहाव्यात, आणि सरकारी योजनेतले पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड आता सगळ्यांना मिळालेच आहे, तेव्हा सरकारी दवाखाने हवेत कशाला? हा मजकूर मला पाठवणाऱ्यांत दोन डॉक्टर आणि माझा मामेभाऊ होता. ही माणसे विचारी आहेत, म्हणून त्यातल्या मुद्द्यांना नीट उत्तर द्यावेसे वाटले.

कराचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर संपतो. प्राप्तिकर भरणारे थोडे आहेत हे खरे आहे, पण सरकारी तिजोरी केवळ प्राप्तिकरावर भरत नाही. उसाच्या फडात राबणारी मजूर बाई साबण, चप्पल आणि मोबाइलचे रिचार्ज घेते तेव्हा वस्तू व सेवा कर भरते, आणि एसटीने गावी जाते तेव्हा डिझेलवरचा कर तिकिटातून भरते. दुसरीकडे, खासगी विमा घेणाऱ्या पगारदाराला जुन्या करप्रणालीत हप्त्याची वजावट मिळते, आणि सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा करही माफ झाला आहे. या सवलती देऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण त्यांचाही भार तिजोरीच उचलते, तेव्हा ‘फुकटे’ हा शिक्का केवळ सरकारी दवाखान्याच्या रांगेतल्या माणसावर मारणे अन्यायाचे आहे.

स्पर्धेच्या मुद्द्यावर मात्र थांबावे लागेल. विमा कंपनी जमा झालेला हप्ता आणि चुकवलेले दावे यांच्यातल्या फरकावर जगते. त्यामुळे ज्याला उपचारांची गरज सर्वांत जास्त, तो म्हातारा किंवा जुना आजारी माणूस तिच्या हिशेबात तोट्याचा ठरतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे साधे व्यवहाराचे गणित आहे. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला नवी पॉलिसी देण्याचे बंधन आपल्याकडे २०२४पर्यंत कंपन्यांवर नव्हते. आधीपासून असलेल्या आजारासाठी चार वर्षांपर्यंत थांबावे लागे, ती मुदत त्याच वर्षी तीन वर्षांवर आली. दोन्ही बदल विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाला करावे लागले. स्पर्धेतून ते आपोआप झाले नाहीत. खासगी विम्याचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या अमेरिकेतही १९६५ साली पासष्टीपुढच्या नागरिकांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना सरकारलाच सुरू कराव्या लागल्या. आपल्याकडे सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४मध्ये घेतले, तेही याच कारणाने. म्हणजे तरुण आणि धडधाकट माणसांचे हप्ते कंपनीकडे जातात, आणि आजारी व म्हाताऱ्या माणसांचा खर्च फिरून सरकारकडे येतो. एवढे असूनही अमेरिका सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) १७ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करते, आणि तरीही २०२३ साली तिथे अडीच कोटींहून अधिक माणसे विम्याविना होती.

हे गणित मी माझ्या आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जवळून पाहिले. पॉलिसी तीन लाखांची होती आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार रुपये, अशी होती. त्या दिवशी रुग्णालयात पाच हजारांचीच खोली शिल्लक होती. फरकाचे दोन हजार आपण भरू, असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात खोलीच्या प्रमाणात सर्जनचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचे भाडे हे सगळेच कापले गेले. हातमोजे आणि मास्क यांसारख्या वस्तू तर पॉलिसीत बसतच नव्हत्या. डॉक्टरांनी सकाळी दहाला घरी जायला सांगितले, आणि टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेची, अंतिम मंजुरी संध्याकाळी साडेसहाला आली. तोवर आई साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून होती, आणि अखेर बिलाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग आम्हीच भरला. मी शिकलेला आहे, पॉलिसीची कागदपत्रे घेण्याआधी वाचली होती, तरी ही अट मला कळली नव्हती. हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून द्यावा, असेही नाही. नियामकाच्या २०२३-२४च्या आकडेवारीनुसार आरोग्य विम्याच्या सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांच्या दाव्यांपैकी सुमारे ८३ हजार कोटी रुपये चुकते झाले. उरलेल्यांत काही दावे प्रलंबित होते, पण नाकारलेली आणि कापलेली रक्कमही हजारो कोटींत होती.

ब्रिटनमधल्या रांगा खोट्या नाहीत. एकट्या इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीतल्या नोंदी २०२३च्या शरद ऋतूत ७७ लाखांपर्यंत गेल्या होत्या, आणि त्यामागे खोळंबलेल्या माणसांच्या वेदना आहेत. प्रश्न एवढाच आहे की या रांगांचे कारण कर आहे का. १९४८पासून तिथली सरकारी आरोग्य सेवा (एनएचएस) करातूनच चालते, आणि त्याच सेवेत अठरा आठवड्यांच्या आत उपचार देण्याचे उद्दिष्ट २०१६च्या सुरुवातीपर्यंत पाळले जात होते. पैसा उभारण्याची रीत तीच राहिली. बदलले ते हे की २०१०नंतरच्या दशकात निधीची वाढ मंदावली, मनुष्यबळ अपुरे पडले, आणि मग कोविड आला. शिवाय, आपल्याशी तुलना करायची तर थायलंडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. त्या मध्यम उत्पन्नाच्या देशाने २००२मध्ये करातून चालणारी सार्वत्रिक योजना आणली, आणि ती प्रामुख्याने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांच्या बळावर चालवली. थायलंडने आधी रुग्णालये उभारली होती, मग हक्क दिला, हे मजकूर लिहिणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे.

आता पाच लाखांच्या कार्डाकडे वळतो. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली, आणि २०२३मध्ये ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. या योजनेने हृदयाच्या आणि कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना हात दिला आहे, आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. पण हे कार्डही करातूनच चालते, आणि ते मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, तापात काढलेले रक्त, या बाह्यरुग्ण खर्चाला ते उपयोगी पडत नाही, आणि सामान्य घराचा पैसा वर्षभर झिरपतो तो नेमका इथेच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कार्ड वापरायला जवळ रुग्णालय असावे लागते. भातलावणीच्या दिवसांत बांधावर कोणाला घोणस किंवा मण्यार चावली, तर त्याला पहिल्या तासाभरात विषावरच्या लसीच्या आठ-दहा कुप्या आणि त्या सलाइनमधून देऊ शकणारा डॉक्टर हवा असतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीत रात्री दोन वाजता हे देणारे एकच ठिकाण असते, ते म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक केंद्र असावे असा निकष आहे. तिथे खासगी रुग्णालय काढणे कोणालाही परवडणार नाही, मग विमा कितीही लाखांचा असो. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले ते कोकणातल्या सरकारी दवाखान्यांत काम करत असताना, आणि त्या उपचाराने सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. हे रुग्ण शेतमजूर आणि त्यांची मुले होती. ज्याच्या औषधाला काही रुपये लागतात, त्या दंशावर रात्र रात्र बसून निरीक्षण करण्यात बाजाराला कधी रस वाटला नसता.

शेवटी नांदेड. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३मध्ये तिथल्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांतली बारा नवजात बालके होती, आणि उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. सरकारी रुग्णालयांची हीच लायकी, असे मजकूर म्हणतो. ती चोवीस माणसे विसरून मी या व्यवस्थेची बाजू घेऊच शकत नाही. मात्र रुग्णालय प्रशासनाने तेव्हा सांगितले होते की यांतले अनेक रुग्ण खासगी रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत पाठवलेले होते. ते रुग्णालय बंद असते, तर या बाळांना घेऊन त्यांचे आईबाप कुठे गेले असते, हे मजकूर सांगत नाही. देशातल्या सरकारांचा आरोग्यावरचा एकत्रित खर्च २०२१-२२मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते. मामेभावाला मी उत्तरात हेच दोन आकडे पाठवले, आणि विचारले की घरटी हप्ता भरायला सरकारकडे पैसा आहे असे तू धरून चालतोस, तर तोच पैसा आधी नवजात शिशू कक्षातल्या परिचारिकांची रिकामी पदे भरायला का मागत नाहीस.