वाघाच्या तोंडातला माणूस आणि कपाटातला एईडी

'एईडी फक्त डॉक्टरांनीच वापरायचा. सामान्य माणसानं शॉक दिला आणि पेशंट दगावला तर मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. हात न लावता अॅम्ब्युलन्सची वाट पाहा.' हा मेसेज कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्टजवळची एईडीची, म्हणजे हृदय अचानक थांबल्यावर विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राची, पेटी ऑफिसच्या कपाटात गेली. किल्ली सेक्रेटरींकडे. ते रात्री गावाला गेले तर?

आधी गुन्ह्याचं बघू. भारतीय न्याय संहितेचं कलम 30, म्हणजे जुनं भादंवि 92. माणूस संमती देण्याच्या अवस्थेत नाही, त्याच्या वतीनं वेळेत होकार देणारंही कुणी नाही, अशा वेळी त्याच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. (घरचं कुणी जवळ असेल तर एका शब्दात विचारा.) कायद्यातच उदाहरण आहे: वाघानं एकाला उचलून नेलंय, दुसरा त्याला वाचवायला गोळी झाडतो. ती माणसालाही लागू शकते हे त्याला ठाऊक आहे. गोळी माणसालाच लागते, जखम जीवघेणी ठरते. तरी गुन्हा नाही. हा बंदूकवाला डॉक्टर असल्याचं कलमात कुठेही म्हटलेलं नाही.

'चुकून शॉक बसला तर?' झाकण उघडलं की यंत्र बोलायला लागतं. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरं डाव्या बगलेखाली. छाती ओली असेल तर आधी पुसायची. मग हृदयाची लय यंत्र स्वतः तपासतं. शॉकची गरज नसेल तर बटण दाबूनही तो सुटत नाही.

वाट पाहण्याबद्दल काय बोलावं! 108 ला फोन हवाच. पण सीपीआर (छाती जोरात दाबत राहणं) आणि शॉक नसेल तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. संध्याकाळचा कर्वे रोड आठवा.

मेसेजला विरोध करणाऱ्यांचंही एक चुकतंय. 'गुड समॅरिटन कायदा (मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा) आहे ना' म्हणून ते मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ दाखवतात. 2019 च्या दुरुस्तीतलं ते कलम वाहन अपघातापुरतं आहे, सारसबागेत चालताना कोसळलेल्या माणसासाठी नाही. अमेरिकेनं 2000 साली एईडी वापरणाऱ्याला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला, जपाननं 2004 पासून सामान्य नागरिकांना वापराची मुभा दिली. आपल्याकडेही तितकं स्वच्छ कलम हवं, आणि ते मागायलाच हवं. तोवर कलम 30 आहे.

सेक्रेटरींशी बोललोय. रविवारी सकाळी पेटी पुन्हा लिफ्टजवळ लावतोय, कुलूप न लावता. ड्रिल मी आणतो.