ओट्स संपवायचे होते

जानेवारीत डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८. तूप-लोणी बंद. सकाळी ओट्स सुरू करा."

त्याच संध्याकाळी मी एक किलोचं पाकीट आणलं. पाकीट जितकं मोठं तितका आजार लवकर बरा होतो, अशी माझी जुनी समजूत आहे. चार दिवस ओट्स दुधातून घेतले, दोन दिवस पाण्यातून. सातव्या दिवशी त्यांचा उपमा केला. आईने कढईत डोकावून विचारलं, "खळ कशाला केलीस? पतंग चिकटवायचेत?" आठव्या दिवशी घरात कांदेपोहे झाले आणि पाकिटाला कपडे वाळत घालायचा चिमटा लागला.

एप्रिलमध्ये डबे आवरताना बायकोने ते पाकीट बाहेर काढलं. "पाऊण किलो उरलेत. पुढच्या महिन्यात तारीख संपतेय. फेकायला मी सांगणार नाही, आणि खाणारही नाही."

तोडगा मुलीने काढला: ओटमील रेझिन कुकीज. मी कृती वाचली. ओट्स, बेदाणे, दालचिनी. सगळी औषधंच की! बटर आणि साखर हे शब्दही त्यात होते, पण माणूस आपल्याला हवं तेच वाचतो.

बेदाण्यांची ददात नव्हती. मामेभावाची द्राक्षबाग तासगावकडे आहे आणि हंगाम संपला की दोन किलोची पिशवी घरी येतेच. जाळ्यांच्या मांडवात सावलीत वाळलेले, हिरवट-पिवळे, लांबट दाणे. त्यांना चुकून मनुका म्हटलं तर मामेभाऊ फोन ठेवून देतो. मनुका काळी, बियांची. बेदाणा म्हणजे बे-दाणा, बी नसलेला. नावातच लिहिलंय, दादा, असं तो दरवर्षी ऐकवतो.

बाकी सगळ्याची मात्र ददात होती. कृतीतला कप २४० मिलीचा आणि अमेरिकेतला. आमच्याकडचा पाहुण्यांचा कप त्याच्या निम्मा, कारण पाहुण्यांनी लवकर उठावं असं आईला वाटतं. ओव्हन ३५० डिग्रीवर तापवायला सांगितलं होतं. आमच्या ओटीजीचा काटा २५०लाच संपतो. मी तो त्याच्याही पुढे पिळायला लागलो, तेव्हा मुलगी ओरडली, "बाबा, ते फॅरनहाइट आहे! आपलं १७५." ब्राउन शुगरचा दगड झाला होता. तो मी खलबत्त्यात फोडला, तेव्हा खालच्या मजल्यावरून फोन आला.

अंड्याचा प्रश्न आईने एका वाक्यात मिटवला. "अंडं घालणार असशील तर ती भट्टी आजपासून तुझ्या खोलीत." अंड्याच्या जागी पाव वाटी दही गेलं.

मग बटर. 'रूम टेंपरेचरला आलेलं', असं कृतीत होतं. हे लिहिणाऱ्याची रूम बहुधा वीस डिग्रीची असावी, जिथे बटर बोटाने दाबलं की हलकेच खळगा पडतो. पुण्यात त्या दिवशी ३९ होतं. मी शंभर ग्रॅम बटर ओट्यावर ठेवून पेपर वाचायला बसलो. परतलो तेव्हा ते बशीतून निघून गॅसच्या शेगडीखाली पोचलं होतं. उरलेलं साखरेत फेटलं. शिवाय आपल्याकडचं पिवळं बटर मुळात खारट असतं, आणि कृतीतलं मीठही मी प्रामाणिकपणे घातलं होतं.

पहिला ट्रे. बारा गोळे, नीट ओळीत. आत दिवा लागला आणि आम्ही चौघं काचेसमोर बसलो. तिसऱ्या मिनिटाला गोळे बसले, पाचव्या मिनिटाला पसरले, सातव्या मिनिटाला शेजाऱ्यांना भेटले. बाहेर काढलं तेव्हा ट्रेएवढी एकच कुकी होती.

आईने चष्मा लावून पाहिलं. "थालीपीठ चांगलं झालंय. पण मधे भोक पाडायला विसरलास."

आईचंही बरोबर होतं म्हणा. तिच्या मिरजेच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत नानकटाई व्हायची ती बेकरीतच. तूप, पिठीसाखर, मैदा, रवा असं सगळं सामान घरून न्यायचं आणि ओळीत बसायचं. बसायचं एवढ्यासाठी, की आपल्या साजूक तुपाच्या जागी भट्टीवाल्याने डालडा ढकलू नये. माझी आजी त्याच्या हातावरची नजर काढत नसे. शिंक आली तरी एक डोळा उघडा. संध्याकाळी पत्र्याचा डबा गरम गरम मांडीवर घेऊन टांग्यातून घरी. "त्या नाही कधी पसरल्या," आई म्हणाली. मग जरा थांबून, "तूप थिजलेलं असायचं."

हे तिने आधी सांगितलं असतं तर! उरलेलं पीठ तासभर फ्रीजमध्ये टाकलं. दुसऱ्या ट्रेमध्ये आठच गोळे, लांब लांब, सोवळ्यातल्यासारखे. या वेळी ते शहाण्यासारखे गोल राहिले. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग मऊ दिसत होता. कृतीत स्पष्ट लिहिलं होतं: मध्यभाग कच्चा वाटतानाच बाहेर काढा, गरम ट्रेवर त्या आपोआप होतात. पण मराठी घरात 'कच्चा' या शब्दानंतरचं काही कोणाला ऐकू येत नाही. आई म्हणाली कच्चं आहे. बायको म्हणाली पोट बिघडेल. बहुमताने ट्रे पुन्हा आत गेला. पाच मिनिटांत कुकीज खुसखुशीत झाल्या आणि गार झाल्यावर फरशी. वर आलेले बेदाणे काळे आणि कडू. एक मी दाताखाली धरली आणि सोडून दिली, कारण त्या बाजूच्या दाढेवर मागच्या वर्षी बराच खर्च झालाय.

पीठ उरलं चार गोळ्यांचं. ते मी रात्री, आई झोपल्यावर भाजले. बारा मिनिटं. मऊ असतानाच काढले आणि कोणालाही हाक न मारता ओट्यापाशी उभा राहिलो. कड कुरकुरीत, आत दालचिनीचा वास, फुगलेला बेदाणा दाताखाली फुटतो आणि ओट्स चक्क ओट्ससारखे लागत नाहीत. खारट होत्या, पण थोड्याच. चारही उभ्याउभ्या संपल्या.

मग अपराधी वाटलं म्हणून कागद-पेन घेतलं. ओट्समधलं जे कोलेस्टेरॉल उतरवतं ते बीटा-ग्लुकन, म्हणजे त्या खळीतला बुळबुळीतपणा. दिवसाला ते ३ ग्रॅम पोटात जावं लागतं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम ओट्स. माझ्या एका कुकीत ओट्स ५ ग्रॅम. म्हणजे औषधाचा डोस रोज १५ कुकीज, आणि त्यातून ६० ग्रॅमच्या वर बटर. पाऊण किलो पाकीट याच वाटेने संपवायचं तर सव्वासहाशे ग्रॅम. कागद फाडून टाकला.

आईने त्या थालीपिठाच्या सुरीने वड्या पाडल्या आणि दिवाळीच्या डब्यात भरल्या. दोन दिवसांत डबा रिकामा. पुढच्या रविवारी तिनेच विचारलं, "ते पसरलेलं परत कधी करणार?"

तेव्हापासून तीन रविवार झाले. परवा तपासणीला गेलो, तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "ओट्स चालू आहेत ना?"

"आहेत की. पाकीट संपत आलं."

डॉक्टर खूश. "वा! दुधातून घेता की पाण्यातून?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "भाजून घेतात."