ताइको हौशी लोकांनी बिघडवलेलं नाही, हौशी लोकांनीच वाढवलंय

ताइको म्हणजे जपानी ढोल. त्याच्या वादनाचा व्हिडिओ आला की त्याखाली एक मजकूर हमखास चिकटलेला असतो. ही दोन हजार वर्षं जुनी सामुराईंची युद्धकला आहे, ती पुरुषांची आहे, एका ओंडक्यातून कोरलेल्या ढोलावरच ती वाजवायची असते, आणि आता जपानबाहेरही हौशी गट निघाल्यामुळे ती भ्रष्ट होत चालली आहे. यातलं जवळजवळ सगळंच चुकीचं आहे. शेवटचा आरोप तर अन्यायाचा आहे.

‘दोन हजार वर्षं जुनी युद्धकला.’ जपानात ढोल जुने आहेत, यात वाद नाही. सहाव्या शतकातल्या हानिवा मातीच्या मूर्तींत ढोल वाजवणारा माणूस आहे. रणांगणावर इशारे द्यायला ढोल होता, तसा तो देवळात, नोह-काबुकी या नाट्यप्रकारांत आणि पितरांच्या स्मरणाच्या ओबोन सणातल्या नाचातही होता. पण लहानमोठे ढोल मांडून अनेकांनी मिळून वाजवायचं कुमी-दाइको, म्हणजे त्या व्हिडिओत दिसतं ते, सुरू झालं १९५१ साली. नागानो प्रांतातले दाइहाची ओगुची जॅझचे ड्रमर होते. सुवा देवस्थानाशी संबंधित ढोलवादनाची एक जुनी लिखित रचना त्यांच्या हाती आली. एकट्या ढोलावर ती त्यांना एकसुरी वाटली, म्हणून त्यांनी ड्रमसेटचा विचार तिच्यावर बसवला. चढ्या आवाजाच्या लहान शिमे-दाइको ढोलाने लय धरायची, मोठ्या ढोलांनी खालून घुमायचं, मधल्यांनी चाल पुढे न्यायची. या कलेचा पायाच असा एका जॅझवाल्याने घातलेला आहे. ‘बाहेरचं काही मिसळलं की ती बिघडते’ असं म्हणणाऱ्यांनी आधी ओगुचींचं काय करायचं ते ठरवावं.

अशा व्हिडिओंतला लंगोट लावलेला, पिळदार पाठीचा वादकसुद्धा सामुराईंच्या काळातला नाही. ती प्रतिमा सादो बेटावरच्या ओंदेकोझा या गटामुळे १९७० च्या दशकात रुजली.

‘पुरुषांची कला.’ जपानच्या हाचिजो बेटावर बायका पूर्वीपासून ढोल वाजवत आल्या आहेत. अमेरिकेत आज ताइको वाजवणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत, आणि १९७३ मध्ये सुरू झालेला सान होसे ताइको हा गट घडवण्यात पीजे हिराबायाशी या महिला वादकाचा मोठा वाटा आहे. ओदाइको या सर्वांत मोठ्या ढोलावर एकट्याने वाजवायचा मान व्यावसायिक मंचावर बराच काळ पुरुषांनाच मिळत राहिला, हे मात्र खरं. तो भेदभाव होता. त्याला परंपरा म्हणून मिरवण्यासारखं त्यात काही नाही.

‘ओंडक्यातून कोरलेलाच ढोल हवा.’ केयाकी या झाडाच्या एका खोडातून कोरलेला नागादो-दाइको हा ढोल देखणा असतो, आणि फार महागही. लॉस एंजेलिसच्या सेन्शिन बौद्ध मंदिरात १९६९ मध्ये किन्नारा ताइको हा गट सुरू झाला, तो ओबोननंतर ढोल आवरायला गेलेले काही जण तो वाजवतच बसले म्हणून. विकतचे ढोल परवडत नव्हते, तर या लोकांनी वाइनची जुनी पिंपं आणली, फळ्या डिंकाने पक्क्या केल्या आणि ओलं कातडं ताणून खिळे ठोकले. कातडं ताणायला गाडीचा जॅक लावायची रीत अमेरिकेतल्या गटांत अशीच रुळली. नवशिके आजही जुन्या टायरवर चिकटपट्टीचे थर ताणून त्यावर सराव करतात. आधी तोंडाने ‘डोन, डोको, का’ म्हणायचं, आपल्या तबल्याच्या बोलांसारखं, मग हातात बाची, म्हणजे वाजवायच्या काठ्या, घ्यायच्या. किन्नारा काढणाऱ्यांच्या आईवडिलांच्या पिढीतले सुमारे १,२०,००० जपानी-अमेरिकन लोक दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारच्या छावण्यांत डांबले गेले होते. जपानी दिसणं-वागणं लपवायला शिकलेल्या घरांतली ही मुलं भर रस्त्यात ढोल बडवत होती. त्यांना ‘हौशी’ म्हणून हिणवणाऱ्याला त्या आवाजाची किंमत कळलेली नाही.

आता ‘भ्रष्ट होते’ याबद्दल. ढोलाचं कातडं जपानात पिढ्यान्‌पिढ्या बुराकू समाजाने कमावलं. जनावरांच्या कातड्याला हात लावतात म्हणून त्यांना अस्पृश्य मानलं गेलं. हे काय असतं, ते मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ढोल देवळात गेला, तो करणारा वस्तीतच राहिला. ओसाकाच्या नानिवा भागातल्या अशाच वस्तीतल्या तरुणांनी १९८७ मध्ये ‘इकारी’ हा गट काढला. नावाचा अर्थ संताप. जो ढोल आपण करतो तो आपण वाजवायचा, आणि वाजवताना आपण कोण ते सांगायचं, हा त्यांचा निर्धार. ‘ताइको पात्र माणसांपुरतंच ठेवा’ म्हणणाऱ्यांनी ती पात्रता इकारीसमोर उभं राहून ठरवून दाखवावी.

तक्रारीतला एक भाग मला मान्य आहे. एखाद्या गटाने बसवलेली रचना त्यांना न विचारता उचलायची, वर ती ‘पारंपरिक’ म्हणून सादर करायची, हे चूक आहे. शिकवणाऱ्याचं नाव घ्यायला हवं, रचना कुठून आली ते प्रेक्षकांना सांगायला हवं आणि नाही म्हटलं तर थांबायला हवं. पण हा नियम ओसाकातल्या व्यावसायिक गटाला जेवढा लागू, तेवढाच टायरवर सराव करणाऱ्यांना. तो पाळणाऱ्याला जन्मगाव विचारायचं कारण नाही.