लग्नसराईत कॉम्प्युटर अपग्रेड कसा करावा

आधी मुहूर्त पाहावा. लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगच्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला तुळशीचं लग्न लागल्यापासून जून उजाडेपर्यंतचा कुठलाही दिवस उत्तम. या काळात हार्ड डिस्कवर दुसऱ्यांची लग्नं भरलेली असतात, त्यामुळे जे बिघडेल ते भरपूर बिघडतं. बेळगावात आषाढात पाऊस हलायचं नाव घेत नाही, हाताला काम नसतं, तेव्हा मात्र या भानगडीत पडू नये. तेव्हा मशीन बंद पडलं तरी कुणी विचारायला येत नाही. मग काय उपयोग?

मुहूर्त स्वतः काढायचीही गरज नसते. माझा एका कॉम्प्युटरवाल्या पोरानं काढला. त्याला बोलावलं होतं पंखा आवाज करतो म्हणून. मी शहापुरात एका हळदीला कॅमेरा घेऊन गेलो, परत आलो तर पोरगं एकदम खूश. "काका, नवीन सिस्टीम घालून सोडलोय बघा. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून एकदम ताजी! जुनी आता चालत नाही की." जुनी सकाळपर्यंत चालत होती. तिच्यावर खानापूरचं एक लग्न, निपाणीचं एक आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, अर्ध्यावर होतं. पंखा अजून आवाज करतो.

कुणी कारण विचारलं तर 'सिक्युरिटी' म्हणावं. वजनदार शब्द आहे, आणि खोटाही नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेमका लग्नसराईच्या तोंडावर. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमच्या भागातल्या कितीतरी स्टुडिओंमध्ये त्याआधीची मशीन आहेत आणि ती मुकाट्यानं काम करतात. पण तपासणी चुकवून सिस्टीम घालून देणारी पोरंही गल्लीबोळात तयार आहेत. काम करणारं मशीन बघवत नाही अशी ही एक जमातच असते.

आपलं एडिटिंग सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालतं का, हे आधी पाहू नये. सस्पेन्स जातो.

बॅकअपही घेऊ नये. वधूपक्ष समजूतदार असतो.

शक्यतो फॉरमॅट मारूनच अपग्रेड करावं. जुन्या विंडोजवरच नवी घातली तर ती १० दिवसांच्या आत मागे फिरायची मुभा देते. अशी पळवाट ठेवली की माणूस शिकत नाही.

जुन्या वस्तूंवर माया ठेवू नये. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, त्यामुळे कॅमेऱ्यातलं चित्रण मशीनमध्ये घेणाऱ्या कॅप्चर कार्डाचा ३२ बिटचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, तिला चालत नाही. ६४ बिटचा असला तरी मेमरी इंटेग्रिटी नावाचा एक पहारेकरी आत बसलेला असतो आणि जुने ड्रायव्हर दारातच अडवतो. अडवल्यावर तो एक बारीकशी सूचना देतो, ती वाचायची नसते. माझ्या डोंगलचा, म्हणजे सॉफ्टवेअरचं लायसन्स असलेल्या यूएसबी किल्लीचा, लाल दिवा आता लागत नाही. पावतीवर 'लाइफटाइम' लिहिलंय. कुणाचं लाइफ ते लिहिलेलं नाही.

मॅकवाल्यांनी यावर हसू नये. त्यांचं हसणं २०१९ च्या ऑक्टोबरात कॅटलिना ही मॅकची सिस्टीम आली तेव्हाच आटोपलं. ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअरं तिनं एका झटक्यात बंद केली आणि जुनं क्विकटाइम ७ त्यांच्याबरोबरच गेलं. फायनल कट प्रो ७ या एडिटिंग सॉफ्टवेअरवर हात बसलेल्यांना तर २०१७ च्या हाय सिएरानंच बाहेर काढलं होतं. आणि २०२५ च्या टाहोमधून फायरवायर, म्हणजे कॅसेटचे कॅमेरे जोडायची वायर, तीसुद्धा गेली. ज्या वर्षी महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात घातला, त्या २००४ सालची लग्नं आमच्याकडे मिनीडीव्ही कॅसेटवर आहेत. दावा अजून उभा आहे, कॅसेटही शाबूत आहे, वायर लावायला तेवढी जागा राहिली नाही.

टायटलच्या बाबतीत निःपक्षपाती राहावं. मुलगी खानापूरची, मुलगा गोकाकचा, म्हणजे आमच्याकडे नावं दोन्ही लिपीत येणार. मराठी श्रीलिपीच्या फॉन्टात, कन्नड नुडीच्या. हे जुने फॉन्ट मनातून रोमनच असतात. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी किंवा कन्नड अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, फॉन्ट काढला की चित्र जातं आणि खालचा कचरा वर येतो. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्हवरचे सगळे फॉन्ट गेले. प्रोजेक्ट उघडलं तर नवरीच्या नावाच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. नवऱ्याच्या नावाच्या जागीही तेच. महाजन आयोगाला १९६७ मध्ये जमलं नाही, दोन्ही बाजूंच्या विधानसभांना आजवर जमलं नाही, ते एका फॉरमॅटनं करून दाखवलं. मराठी आणि कन्नडला बेळगावात पहिल्यांदा समान वागणूक मिळाली. मुलाच्या काकांचा फोन आला, "टायटल एल्लि री?" म्हणजे टायटल कुठंय? मी म्हटलं, कन्नड गेलंय खरं, पण मराठीपण गेलंय. ते शांत झाले. "हां, मग ठीक आहे."

मग सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावं. जुन्या टायटलरमध्ये 'शुभविवाह'ची वेलांटी 'व'च्या पलीकडे जाऊन बसते आणि 'लक्ष्मी'चे तीन तुकडे होतात. प्रीमियरसारख्या बड्या सॉफ्टवेअरलाही आपली जोडाक्षरं नीट दाखवायला सेटिंगमध्ये साउथ एशियन असा वेगळा पर्याय ठेवावा लागला होता. तो पर्याय कुठल्या कोपऱ्यात आहे हे शोधण्यात दुपार छान जाते.

मामेभावांनी फोनवर काढलेले व्हिडिओ आवर्जून घ्यावेत. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी नावाच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये चित्रण करतात, आणि ताज्या विंडोजवर त्यासाठीचं एक्सटेन्शन बऱ्याचदा वेगळे पैसे टाकून घ्यावं लागतं. तोवर मंगलाष्टकं खणखणीत ऐकू येतात, नवरा-नवरी दिसत नाहीत. काही लग्नांत ते बरंच असतं.

गिऱ्हाईकाला फक्त 'रेंडरला लावलंय', म्हणजे शेवटचा व्हिडिओ तयार होतोय, एवढंच सांगावं.

आता मुख्य सल्ला. सॉफ्टवेअरच्या कंपनीवर पूर्ण विश्वास ठेवावा. मी कंपनीचं नाव घेत नाही. फॉरमॅटनंतर मी माझं जुनं, रोख पैसे मोजून घेतलेलं व्हर्जन पुन्हा घातलं. सीरियल नंबर टाकला. ते म्हणालं, हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे. तो दुसरा कॉम्प्युटर म्हणजे हाच, फॉरमॅट व्हायच्या आधीचा. कस्टमर केअरला मेल केला. उत्तर आलं, "डिअर कस्टमर, कृपया आधी जुन्या सिस्टीमवरून डिअ‍ॅक्टिव्हेट करा." जुनी सिस्टीम पुसली गेली, असं कळवलं. उत्तर आलं, "डिअर कस्टमर, कृपया आधी जुन्या सिस्टीमवरून डिअ‍ॅक्टिव्हेट करा." तिसऱ्या मेलला माणूस बदलला आणि त्यानं सांगितलं की ते व्हर्जन नव्या सिस्टीमवर सपोर्टेडच नाही, आमचं नवं घ्या. नवं विकत मिळत नाही, महिन्याच्या भाड्यानं मिळतं. सोयऱ्यानं जेवायला बोलवावं आणि पाटावर बसल्यावर ताटाचं भाडं मागावं, तसला प्रकार. दिलं भाडं. निपाणीची मुलगी सासरी जाऊन दिवस झाले होते, तिच्या आईचा रोज फोन.

नव्यानं जुनं प्रोजेक्ट उघडलं, म्हणजे आधी विचारलं की कन्व्हर्ट करू का. 'नाही' म्हटलं तर उघडतच नाही, मग विचारतोस कशाला? केलं कन्व्हर्ट. सगळे व्हिडिओ लाल, मीडिया ऑफलाइन. का? तर फॉरमॅटच्या गडबडीत ई ड्राइव्हचा एफ झाला होता. एकेक क्लिप जोडून दिली. मग कळलं की जुने ट्रान्झिशनचे प्लगिन नव्यात चालत नाहीत, तिथं काळा पडदा. अक्षता पडताहेत, पडदा काळा. आंतरपाट दूर होतोय, पडदा काळा. रंग दुरुस्त केले होते ते उडाले, हळदीत नवरी निळसर दिसायला लागली. तीन कॅमेऱ्यांची जुळणी सरकली, भटजींचे ओठ एकीकडे आणि 'सावधान' दुसरीकडे. सगळं पुन्हा केलं. रात्री जागून केलं. आणि रेंडर मारलं तर वरातीत एका ठरावीक ठिकाणी सॉफ्टवेअर बंद. पुन्हा मारलं, त्याच ठिकाणी बंद. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करा म्हणे. केला. आता वरातीच्या आधीच, रुखवतातच बंद. मागचा ड्रायव्हर घाला म्हणे.

निपाणीत माझ्या एका मित्राकडे हेच सॉफ्टवेअर जुन्या व्हर्जनचं, जुन्या सिस्टीमवर, अजून टकाटक चालतं. म्हटलं त्याच्याकडं जाऊन रेंडर मारू. पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं गेलो. तिथं जुनं व्हर्जन म्हणतं, ही फाइल नव्या व्हर्जनमध्ये केलेली आहे, उघडणार नाही. का उघडणार नाही? व्हिडिओ मी काढलेले. कुठं कापायचं ते मी ठरवलेलं. त्या फाइलमध्ये तुमचं आहे काय? जुन्यानं नव्यात यायचं, नव्यानं जुन्यात जायचं नाही, ही एकेरी वाहतूक बहुतेक मोठ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती कुणी चुकून केलेली नाही. प्रोजेक्टची फाइल म्हणजे शेवटी यादीच. कुठली क्लिप, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, वर कुठलं टायटल. निदान कापाकापीची यादी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येते, एक्सएमएल आणि ईडीएल नावाच्या फाइली त्याचसाठी आहेत. मग तुमच्याच मागच्या व्हर्जनला तुम्ही ती का देत नाही? दिली तर भाडं कोण भरेल!

सल्ले बास झाले.

अपडेट वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. सिस्टीमला भोकं पडतात, ती बुजवली पाहिजेत, हे आम्हालाही कळतं. पण एवढी वर्षं सॉफ्टवेअर विकून तुम्हाला एक साधं पान लिहिता येत नाही? नवी सिस्टीम घातली की आमचं कुठलं व्हर्जन बंद पडेल, कुठला ड्रायव्हर अडेल, कुठलं प्लगिन जाईल, हे आधी सांगायचं. घालायच्या आधी. बंद पडल्यावर 'सपोर्टेड नाही' म्हणायला अक्कल लागत नाही. मशीन पुसलं गेलं की लायसन्स मोकळं करून द्यायला किती वेळ लागतो तुम्हाला? पैसे घेताना तर काही सेकंदांत ओळखता की माणूस कोण, कार्ड कुठलं, बँक कुठली. तोच माणूस मेल करतो तेव्हा एकदम अनोळखी?

आणि ए कॉम्प्युटरवाल्या, तुला पंख्यासाठी बोलावलं होतं. दुसऱ्याच्या मशीनवर फॉरमॅट मारताना विचारायचं असतं. ज्याच्यावर कुणाचं पोट चालतं ते मशीन आहे, तुझं शिकायचं साधन नव्हे. 'डी ड्राइव्हला हात लावला नाही' म्हणून उपकार सांगू नकोस.

स्टुडिओवाल्यांनो, तुम्हीही ऐका. रोज रात्री मला फोन करून 'माझंपण असंच झालंय' म्हणता आणि दुसऱ्या दिवशी तेच मशीन नेटला जोडून, अपडेट चालू ठेवून लग्नाला जाता. मिक्सिंगच्या मशीनला नेट लागतंच कशाला? सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, ड्रायव्हर आणि फॉन्ट यांचं एक फोल्डर वेगळ्या डिस्कवर ठेवायला काय होतं? चालू असलेल्या सी ड्राइव्हची पूर्ण इमेज काढून ठेवली तर असल्या पोरानं कितीही फॉरमॅट मारले तरी सकाळचं मशीन संध्याकाळी परत मिळतं. ड्रोनला पैसे आहेत, प्रीवेडिंगला आंबोलीपर्यंत गाडी करायला पैसे आहेत, एक जादा डिस्क घ्यायची म्हटलं की मात्र सगळ्यांचा सीझन मंदीत!

आणि सिस्टीम बनवणाऱ्यांनो, 'आत्ता करा' आणि 'नंतर आठवण करून द्या', एवढीच दोन बटणं का असतात? तिसरं द्या. त्यावर फक्त 'नको' लिहा. आणि माणसानं ते एकदा दाबलं की पुन्हा विचारू नका.